पोटात पाय

हस्ताचा पाऊस पडून गेलेल्या सकाळी आप्पा मागच्या दारात अडकले. पडले नाहीत, काही लागलंही नाही, नुसते उभे राहिले. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात तांब्या, आणि दोन्ही पाय उंबरठ्याच्या अलीकडे फरशीला खिळलेले. गुडघे तेवढे बारीक थरथरत होते, आत कुठेतरी मोटर चालू आहे आणि पट्टा सुटलाय तसे. मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन गेले आणि शिकवलं होतं तसं म्हणू लागले, "एक, दोन... एक, दोन..." अशा वेळी ओढायचं नाही, ओढलं की माणूस तोंडावर जातो, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. आप्पा माझ्याबरोबर ओठातल्या ओठात एक-दोन म्हणत होते. पाय म्हणत नव्हते. तव्यावरची भाकरी करपायला लागल्याचा वास आला, मी तिकडे बघितलं आणि वळले तर आप्पा खाली बघत होते. उंबरठ्याच्या पलीकडच्या पायरीवर एक गोगलगाय चालली होती. अंगठ्याच्या पेराएवढी, तपकिरी शंखाची, शिंगं ताणून आडवी निघालेली. "पायाखाली यील की गं ती," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा उजवा पाय उचलला गेला. चांगला वितभर. ओढा ओलांडावा तसा तो गोगलगायीवरून पलीकडे गेला, मागून डावा आला, आणि आप्पा परसातून न्हाणीकडे चालते झाले. आतून पाणी अंगावर घेतल्याचा आवाजसुद्धा आला.

भाकरी गेली ती गेलीच.

याला वैद्यकात नाव आहे, कारणमीमांसा आहे. पार्किन्सनच्या माणसांचे पाय दारात, वळणावर, अरुंद जागेत असे गोठतात. समोर ओलांडायला काही दिसलं, जमिनीवर पट्टी असली, कुणी काठी आडवी धरली, की सुटतात. आपोआप चालायची जी वाट मेंदूत असते ती बंद पडलेली असते, पण बघून पाऊल टाकायची वाट दुसरी, ती शाबूत असते. हे सगळं मला माहीत होतं. मी जीवशास्त्र शिकवते, अकरावी-बारावीच्या मुलांना चेतापेशीची आकृती काढून देते, तिला भाग दाखवायला लावते. तरी त्या दिवशी वर्गात फळ्यावर 'उंबरठा' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. चेतापेशी ठरावीक पातळीपर्यंत डिवचली गेली की पेटते, त्या पातळीला आपण मराठीत उंबरठा म्हणतो. इतकी वर्षं लिहिला, कधी घरातला उंबरठा डोळ्यांपुढे आला नव्हता.

दुसरी गोष्ट संध्याकाळी झाली. भाचा आला होता, पुण्याला शिकतो. जेवताना म्हणाला, "मावशी, मी मोबाईल बंद ठेवतोय रविवारपर्यंत, डोपामाइन डिटॉक्स." आप्पांनी ताटातून मान वर केली. त्यांना हा शब्द माहीत आहे. डॉक्टरांनी त्यांना समजेल असं सांगितलं होतं की तुमच्या मेंदूत डोपामाइन, म्हणजे पेशींमधला निरोप नेणारं रसायन, कमी पडतंय. "आरं," आप्पा म्हणाले, "तुझं जास्त झालं असलं तर हिकडं दे की थोडं." सगळे हसलो. पोरगा जरा ओशाळला. मी हसले खरी, पण घास घशात फिरत राहिला. हल्ली या शब्दाचं काय होऊन बसलंय! रील बघितली की डोपामाइन, शेवपुरी खाल्ली की डोपामाइन, लाईक मिळाला की डोपामाइन. मेंदूच्या नळातून सुटणारा सुखाचा पाक जणू. आणि मला मात्र हा शब्द पहिल्यांदा भेटला तो एका गोगलगायीत, आणि तिथे त्याचा सुखाशी काडीचा संबंध नव्हता.

सांगते. आमच्या वेळी बी.एस्सी.ला पाइला फाडायला असायचा. तळ्यातली मोठी गोगलगाय, दाराला झाकण असलेली. प्रयोगशाळेचे मामा बादलीभर आणायचे, त्या बादलीला शेवाळ आणि फॉर्मॅलिन यांचा मिळून एक वास असायचा, तो नंतर घरी येऊन कडक भाकरी आणि आमटी पुढ्यात घेतली तरी बोटांना यायचा. २०१४ नंतर हे फाडणं बंद झालं. बरंच झालं, आता मुलं पडद्यावर बघतात. पण मला त्या मज्जासंस्थेचं वेड लागलं होतं. गोगलगायीला आपल्यासारखा एक मेंदू नसतो. अन्ननलिकेभोवती चेतापेशींच्या गाठींचं कडं असतं, आणि घास त्या कड्यातून, म्हणजे मेंदूच्या मधूनच, पोटात जातो. हे कडं न तोडता सोडवून काळ्या मेणाच्या ट्रेमध्ये टाचणीनं ताणून दाखवलं की पूर्ण मार्क. मला दोनदाच जमलं. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण आपण लबाडासाठी वापरतो. प्राणिशास्त्रानं तिच्या वर्गाला नाव दिलंय त्याचा अर्थ नेमका तोच, उदरपाद. हे कळलं त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, मग आम्ही अडाणी कुठं होतो.

एम.एस्सी.ला असताना एका निबंधाची झेरॉक्स हाताला लागली. १९८८ सालचा, 'न्यूरॉन' नावाच्या तेव्हा नुकत्याच निघालेल्या नियतकालिकातला. लेखकांच्या यादीत हॅरिस-वॉरिक, पॉपार्दिन-त्रिश, गेर्शेनफेल्ड अशी नावं. विषय: बागेतल्या गोगलगायीच्या, हेलिक्स अस्पर्साच्या, चेतापेशीतला कॅल्शियमचा प्रवाह डोपामाइननं कमी कसा होतो. इंग्रजी डोक्यावरून जात होतं. पण त्यातला एक आलेख मी इतक्या वेळा बघितला की अजून काढून दाखवीन.

गोगलगायच का, तर तिच्या काही चेतापेशी प्रचंड मोठ्या असतात. खसखशीच्या दाण्याहून लहानच, पण भिंगाखाली एकेक वेगळी दिसते, पिवळट-नारिंगी, आणि प्रत्येक गोगलगायीत ठरलेल्या जागी. आज या गोगलगायीतली ही पेशी, उद्या दुसरीतली तीच. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक एका मायक्रॉनहून बारीक, आत मिठाचं पाणी. ते टोक पेशीवर टेकवायचं, टेबलाला हलकी टिचकी मारायची. आत शिरलं की पडद्यावरची रेघ टपकन खाली येते, उणे पन्नास मिलिव्होल्टच्या आसपास. बाहेरच्या पाण्यातला सोडियम काढून टाकायचा, पोटॅशियमच्या वाटा रसायनांनी बुजवायच्या. मग पेशीचा विजेचा दाब क्षणभर वर उचलून धरायचा. आता आत येण्याजोगं एकटं कॅल्शियम उरलेलं असतं, आणि ते येतं, कारण पेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा दहा हजार पटींच्या घरात असतं. भिंतीवर धडका देत उभंच असतं म्हणा ना. ज्या चुन्याचा ती शंख बांधते, जो आप्पा पानाला बोटानं लावायचे, तोच हा कॅल्शियम. दार उघडलं की आत घुसतो आणि आलेखावर एक खड्डा पडतो. आत येणारा प्रवाह खालच्या बाजूला काढायची रीत आहे. ठरावीक आकाराचा, सुबक खड्डा. मग बशीतल्या पाण्यात डोपामाइन सोडायचं. किती, तर लिटरभर पाण्यात एखाद-दोन मिलिग्रॅम विरघळवावं इतकं पातळ. पुन्हा तसाच दाब द्यायचा. खड्डा उथळ झालेला असतो. पाण्यानं धुऊन काढलं की पुन्हा खोल.

एवढंच.

एवढंच, पण या एवढ्याशावर बरंच अवलंबून आहे. पेशीतून पुढच्या पेशीला निरोप सुटतो तो कॅल्शियम आत आलं तरच. कॅल्शियम कमी आलं तर ठोका, म्हणजे पेशी पेटल्याची विजेची लहर, आखूड होतो, निरोप हळू आवाजात जातो. म्हणजे या पेशीत डोपामाइन 'जरा सबुरीनं घे' म्हणतं. आणि ते दार स्वतः लावत नाही. ते पेशीच्या बाहेरच राहतं, पेशीच्या आवरणावरच्या आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं; आतल्या बाजूला एक जी-प्रथिन असतं, ते जागं होतं आणि कॅल्शियमच्या वाटांवर अंकुश आणतं. हे त्यांनी सिद्ध कसं केलं ते वाचताना मी मेसच्या जेवणाची वेळ चुकवली होती. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष या जातीच्या जी-प्रथिनांना लुळं करतं. आपण लहानपणी दंडाला, मांडीला घेतलेल्या त्रिगुणी लशीतला एक गुण ज्याच्याविरुद्ध असतो तोच हा जंतू. ते विष गोगलगायीच्या त्या एका पेशीत टोचलं आणि डोपामाइन सोडलं. खड्डा होता तसाच. निरोप्या दारात येऊन हाका मारतोय आणि आत ऐकणारा बहिरा. मग त्यांनी उलटं केलं. जी-ओ नावाच्या प्रथिनाचा अल्फा हा तुकडा पेशीत टोचला, तर डोपामाइन नसतानाच खड्डा उथळ झाला. आणि तो तुकडा आणला कुठून, तर गायीच्या मेंदूतून काढलेला. गायीचा गोगलगायीत चालला! मी मैत्रिणीला हलवून सांगितलं, अगं, नावातच होतं. तिला विनोद कळला नाही. गाय आणि गोगलगाय यांचे पूर्वज वेगळे झाले त्याला पन्नास कोटींहून जास्त वर्षं झाली, आणि दाराची ही खिट्टी दोघींनी तेव्हापासून जपून ठेवलीय, याचं मला तेव्हा जे वाटलं होतं ते अजून पुरतं विरलेलं नाही.

बरं, याच चमूनं १९८५ साली दाखवलं होतं की शेजारच्या दुसऱ्या काही पेशींत डोपामाइन कॅल्शियमला हातच लावत नाही, पोटॅशियमची वाट रुंद करून ठोका आखूड करतं. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीत तर डोपामाइनची एक भली मोठी पेशी श्वासाची लय सुरू करते; ती गोगलगाय पाण्याच्या वर येऊन एक छिद्र उघडून हवा घेते, त्या उघडण्याच्या मागे ही पेशी. कुठे आवर, कुठे चल, कुठे श्वास घे. पदार्थ तोच.

आप्पा सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, होते. उन्हाळ्यात पत्रा तापलेला, पंखा लावावा तर सूत उडतं, शंभर मागांचा खडखडाट. मी सहावीत असेन, डबा घेऊन गेले होते. आडवा धागा घेऊन धोटा पळत होता, चादरीवर मोर उमटत होता आणि मी विचारलं, धोट्याला कसं कळतं मोर कुठं काढायचा? आप्पांनी माझ्या कानाशी ओरडून सांगितलं होतं, "धोट्याला काय कळतंय? त्यो नुस्ता जातोय नि येतोय. मोर कार्डात असतोय." मग वर लोंबणारी पुठ्ठ्याची माळ दाखवली. भोक असेल तिथं सुई आत शिरते, आकडा उचलला जातो, उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच बसून राहतो. खालून धोटा प्रत्येक खेपेला सारखाच पळतो. झेरॉक्स वाचताना मला हे आठवलं नव्हतं. भाच्यानं डिटॉक्स म्हटलं त्या रात्री आठवलं, आणि त्याला समजावून सांगावं म्हणून मी बाहेर आले तर पोरगा अंधारात मोबाईल बघत होता. मग राहू दिलं.

आप्पांचा हात थरथरायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, इतकी वर्षं माग हलत होता, आता हात हलतोय. निदान झालं तेव्हा मी हुशारीनं सगळं वाचून काढलं. मेंदूच्या बुडाशी काळसर पट्ट्यात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी असतात, लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. गोळी डोपामाइनची देता येत नाही, रक्तातून मेंदूत ते शिरत नाही; म्हणून लेव्होडोपा द्यायचं, ते शिरतं आणि आत जाऊन डोपामाइन होतं. पण ज्या दारानं ते शिरतं त्याच दारानं जेवणातल्या प्रथिनांचे तुकडेही शिरतात, आणि दारात गर्दी होते. याचा घरातला अर्थ असा की गोळीच्या आसपास शेंगाचटणी नाही. सोलापूरच्या माणसाला! आप्पा गोळी घेऊन घड्याळाकडे बघत बसतात, तासभर झाला की म्हणतात, "आण आता." शेजारच्या काकू खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवून गेल्या. त्या चुकीचं बोलत नव्हत्या, त्या बियांत लेव्होडोपा असतंच, पण किती ते कोण मोजणार, म्हणून मी नको म्हटलं. काकूंना वाईट वाटलं असणार.

आणि कॅल्शियम तिथेही निघालं. त्या काळसर पट्ट्यातल्या पेशी कुणी न सांगता आपल्या आपण ठोके देत राहतात, आणि प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत घेतात. ते पुन्हा बाहेर काढण्याच्या हमालीनंच त्या लवकर झिजत असाव्यात असा एक तर्क होता. मग कॅल्शियमची ती वाट अडवणारी रक्तदाबावरची एक जुनी गोळी, इस्राडिपिन, देऊन बघितली. ३३६ रुग्ण, तीन वर्षं. मी त्या निकालाकडे लॉटरीचं तिकीट खिशात असल्यासारखी डोळे लावून होते. २०२० साली छापून आलं: फरक नाही. लॉकडाऊनचे दिवस होते, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सिद्धेश्वराच्या देवळाकडं जायची सोय नाही. मी लॅपटॉप मिटला आणि आप्पांना चहा दिला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बशीत चहा ओतताना अर्धा सांडला तेव्हा म्हणाले, "फरशीला पण लागतोय की चहा." एवढ्या पानांचं वाचून मला त्या बशीचं काही करता येत नव्हतं. गोगलगायीच्या एका पेशीत किती डोपामाइननं किती कॅल्शियम अडतं ते मला सांगता येईल, आणि दारात उभ्या माणसाचा पाय उचलायला मला एक-दोनच्या पुढे काही येत नाही. हे रागानं लिहीत नाही. थोडं रागानंच लिहितेय.

त्या सकाळनंतर मी उंबरठ्याच्या पलीकडे रांगोळीची एक जाड रेघ ओढायला लागले. रंगीत चिकटपट्टी लावा असं सांगितलेलं होतं, पण आप्पांना घरात पट्टी नको होती, दवाखाना वाटतो म्हणाले. रांगोळी चालली. ती तुडवायची नाही हे अंगात मुरलेलं. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या काढतात तेव्हा लहानपणी मला खांद्यावर घेऊन कडेकडेनं चालणारे आप्पा ते हेच. पहिल्या दिवशी रेघ बघितली, पाय उचलला, गेले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. मी शाळकरी पोरीसारखी खूश. पायरीवर गोगलगायीची वाळलेली चकचकीत रेघ अजून होती, मी ती पुसली नव्हती. माझी पांढरी रेघ तिच्यावरून आडवी गेलेली.

पाचव्या दिवशी आप्पा पुन्हा अडकले. रेघ समोर ठळक, ऊन तिच्यावर आलेलं, तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडतंय. मी एक-दोन म्हणाले. मग रेघेकडं बोट करून म्हणाले, "आप्पा, रांगोळी बघा की, ती ओलांडायची." त्यांनी बघितली. बराच वेळ बघितली, मोरातलं चुकलेलं कार्ड शोधताना बघायचे तशी. मग नजर पायरीवरून परसात, ओल्या मातीत, तुळशीच्या बुडाशी फिरवून आणली.

"ही काय, हितंच असतीय," म्हणाले. "ती चालली होती."